‘शुक्रवार बंद’चं शेवटचं ‘येतो’

स्टुडिओतल्या केबलींचं एक आहे. कितीही नीट गुंडाळून ठेवा, पुढच्या वेळी पेटी उघडली की सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. एक ओढायला जावं तर चार येतात! आमच्या बँडच्या शेवटच्या अल्बमचे किस्से असेच आहेत. कोणी सहज विचारतं, "काय गं, कसा झाला तुमचा अल्बम?" मी एक सांगायला घेते आणि समोरच्याचा चहा गार होतो.

‘आमचा बँड’ म्हणायचा मला तसा अधिकार नाही. वाजवणारे तिघं. अविनाश गायचा, गिटार वाजवायचा, गाणी लिहायचा. दिवसा उल्हासनगरात मोतीसेठच्या जीन्सच्या कारखान्यात कटिंगवर. सचिन बेस गिटारवर. राहणार बदलापूरजवळचं चामटोली, घरची भातशेती. मिलिंद ड्रम्सवर, राहणार अंबरनाथ, बुवापाडा, नोकरी एका कंपनीत प्रेस मशीनवर. मी फक्त रेकॉर्डिंग करणारी. स्कॉटलंडला साउंडचं शिकून परत आले, म्हणून बुवापाड्यात माझं नाव पडलं ‘लंडन’. स्कॉटलंड वेगळं, लंडन वेगळं, हे मी सुरुवातीला फार तळमळीने समजावलं. मिलिंद म्हणाला, "बदलापूरच्या माणसाला बाहेर विचारलं कुठून आलास, तर काय सांगतो? मुंबई. मग?"

तेव्हापासून मी लंडन.

*

बँडचं नाव ‘शुक्रवार बंद’. अंबरनाथच्या कंपन्यांना शुक्रवारी सुट्टी. मिलिंदला तोच एक दिवस मोकळा, म्हणून प्रॅक्टिस शुक्रवारी. कंपन्या बंद म्हणून लाईटवालेही दुरुस्तीला शुक्रवारच धरतात. म्हणजे ज्या दिवशी आमचा ड्रमर असायचा, त्या दिवशी लाईट नसायची. आणि आमच्या संगीताचं नाव काय? पॉवर पॉप!

मिलिंदच्या आईने, म्हणजे मावशीने, एकदा मला विचारलं, "लंडन, हे पॉवर पॉप म्हणजे नक्की काय असतं?"

मला असा प्रश्न कोणी विचारावा यासाठीच तर मी परत आले होते! मी मांडी घालून बसले. म्हटलं, "मावशी, छोटंसं गाणं, गोड चाल, मोठ्ठा आवाज. माणसाचं मन मोडलेलं असतं, पण गाणं उड्या मारत असतं."

"चांगलं आहे की. आणि त्यात पॉवर कशाला?"

"म्हणजे जोर."

"असं होय. मला वाटलं लाईटचं." मावशीने तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. "मग बरोबर आहे. जोर हाये, लाईट नाय."

*

मिलिंद मशीनच्या ठेक्यावर वाजवायचा, हे मला फार उशिरा कळलं. दिवसभर प्रेस मशीन ठक-ठक-ठक करायचं, तोच ठेका त्याच्या हातात बसलेला. त्यांचा आधीचा अल्बम मी ऐकला तेव्हा मला त्यातली संथ लय इतकी आवडली होती की मी त्यावर एक लांबलचक टिपण लिहिलं होतं. ‘उपनगरी थकव्याची लय’ वगैरे.

नव्या गाण्यांच्या प्रॅक्टिसला मात्र पहिल्याच दिवशी सगळी गाणी सुसाट! अविनाशला श्वास घ्यायला जागा नाही. मी म्हटलं, "मिलिंद, काय हे? मागच्या वेळची ती थकलेली लय कुठे गेली?"

"जुनं मशीन ग्रीस मागत होतं गं. आता नवीन आलंय."

ते टिपण मी फाडून टाकलं. पण एक कबूल करा, पॉवर पॉपला सुसाटच लागतं!

*

मग एक दिवस ते नवीन मशीन, आख्खी कंपनी आणि कंपनीबरोबर मिलिंद, सगळ्यांचंच गुजरातला जायचं ठरलं. दुसरा ड्रमर बघू, असं सचिन हळूच म्हणून बघायला गेला. अविनाश म्हणाला, "तू दुसरी आई बघ आधी, मग मी ड्रमर बघतो." विषय संपला. एक शेवटचा अल्बम करायचा आणि थांबायचं.

अविनाशची एकच इच्छा होती. इतकी वर्षं गाणी केली, दोन अल्बम केले, पण ऐकणारे कोण? आत्या, मामा, मेव्हणे, साडू. तो म्हणाला, "आपल्या नात्यातला नसलेला एक माणूस. एक! त्याने रस्त्यात चालताना आपली एक ओळ गुणगुणली पाहिजे. आपण सांगितलं म्हणून नाही, त्याच्या तोंडात आली म्हणून. तेवढं झालं की मी गिटार माळ्यावर टाकायला मोकळा."

हे तो हसत म्हणाला, पण नंतर त्याने ट्यूनिंग करताना तार तोडली. अविनाशची तार कधी तुटत नाही.

"नातेवाईक बाद," मिलिंदने नियम पक्का केला.

सचिन कळवळला. "अरे, चामटोलीपासून बदलापूर स्टेशनपर्यंत आपलेच आहेत सगळे! मग ऐकणार कोण?"

*

स्टुडिओ म्हणजे मिलिंदच्या घरावरची पत्र्याची खोली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना काहीतरी जाड लावायचं होतं. परदेशात त्यासाठी खास फोम मिळतो. उल्हासनगरात जीन्सची कतरण मिळते, ती ढिगाने. अविनाश मला मोतीसेठकडे घेऊन गेला.

सेठ उत्साहाने उठले. "बँडवाले? वाह साईं! मेरी भतीजी की शादी है. घोडी के आगे कितने आदमी बजाओगे?"

"सेठ, तो बँड नाही आमचा. आम्ही गाणी रेकॉर्ड करतो."

"शादी में नहीं बजाते?"

"नाही."

"तो फिर बजाते किसलिए?"

उत्तर मी दिलं. आपल्या गावाचा आवाज, आपल्या भाषेतलं पॉवर पॉप, एकसंध ऐकायचा अल्बम, हे सगळं सांगितलं. सेठनी शांतपणे ऐकलं. मग कतरण कशाला लागणार ते विचारलं. मी सांगितलं, भिंतींना लावणार, म्हणजे आवाज बाहेर जाणार नाही.

सेठनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"साईं, आवाज बाहर नहीं जाएगा, तो सुनेगा कौन?"

कतरण दिली मात्र टेम्पो भरून. खोली अशी निळी झाली की मावशी म्हणाली, "तुम्ही पँटच्या खिशात बसून गाताय."

*

अल्बमच्या नावावरून भांडण झालं. मला ‘शेवट’ हवं होतं. एक शब्द, थेट, धीट. कव्हरवर पांढऱ्यावर काळं. मी डिझाइनसुद्धा करून आणलं.

मावशी चहा घेऊन वर आली, तिने ते पाहिलं आणि कप खाली ठेवले.

"हे काय लिहिलंय? पोरगं माझं परगावी निघालंय आणि तू ‘शेवट’ लिहितेस?"

"मावशी, बँड बंद होतोय ना, म्हणून..."

"बंद होतोय म्हणू नये! दुकान बंद करताना काय म्हणतो? वाढवलं. बांगडी फुटली तर? वाढवली. घरातून निघताना काय म्हणतो?"

"येतो," तिघं एकदम म्हणाले. शाळेत म्हणावं तसं.

"मग ते लिहा."

अल्बमचं नाव ठरलं ‘येतो’. अविनाशने त्याच आठवड्यात त्या नावाचं शेवटचं गाणं लिहिलं. त्याच्या सगळ्या गाण्यांत मला ते सर्वांत आवडतं. निघालेला माणूस दारात उभा राहून इतक्या वेळा ‘येतो’ म्हणतो की त्याला निघताच येत नाही.

आता यातली गंमत बघा. शेवटच्या अल्बमचं नाव ‘येतो’, त्यामुळे सगळ्यांना वाटलं पहिलाच आहे! बदलापूरचा एक झेरॉक्सवाला अविनाशची पाठ थोपटून म्हणाला, "सुरुवात आहे भाऊ. खचून जायचं नाही."

*

‘येतो’चं रेकॉर्डिंग मिलिंद जायच्या आधीच्या शुक्रवारी. लाईटवाल्यांचा मेसेज आला होता, या शुक्रवारी लाईट जाणार नाही. सचिनने तो मेसेज मोठ्याने वाचून दाखवला, मिलिंदने स्क्रीनशॉट काढला. इतका आनंद!

तिघांनी एकत्र, एका दमात वाजवायचं, असा माझा हट्ट होता. पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो. त्या खोलीत पत्र्याखाली, निळ्या कतरणीत, माणसं अक्षरशः शिजत होती. शेवटी खिडकी उघडली. म्हटलं, येऊ दे थोडा गल्लीचा आवाज.

आणि मग ते झालं जे कधीकधीच होतं. तिघांचा एक जीव झाला. मिलिंद हसत वाजवत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, घामच म्हणू या. शेवटचं ध्रुवपद आलं. अविनाशने मान वर केली, सगळा जीव गोळा केला आणि गायला:

"येतो, येतो, म्हणता म्हणता... ये—"

लाईट गेली.

अ‍ॅम्प मेले. दचकून मिलिंदचे हात वरच्या वर थांबले. अविनाशचं तोंड ‘ये’वर उघडं. ठार शांतता. आणि मग उघड्या खिडकीतून आख्ख्या बुवापाड्याचा, बायकामुलांसकट, एका सुरात आवाज आला:

"गेलीऽऽऽ!"

माझा लॅपटॉप बॅटरीवर होता. तो सगळं रेकॉर्ड करत राहिला. लाईट संध्याकाळपर्यंत आली नाही, तोवर मिलिंदच्या घरी निरोपाला पाहुणे आले होते, ड्रम्स उतरवावे लागले होते. दुसरा टेक झालाच नाही.

अविनाश म्हणाला, "प्रॅक्टिसच्या वेळचा शेवट जोड."

मी म्हटलं, "हात लावणार नाही. यापेक्षा खरा शेवट कोणी वाजवून दाखवावा!"

"शेवट कुठाय? अर्ध्यात तुटलंय ते! ‘येतो’मधला ‘तो’ पण नाही. असलं तुटकं कोण गुणगुणणार?"

मावशीचा आक्षेप वेगळाच. "आणि ते गेली गेली काढून टाक. निघण्याच्या गाण्यात ‘गेली’ म्हणतात का?"

मत घेतलं. सचिन माझ्या बाजूने, अविनाश आणि मावशी विरोधात. मिलिंद उरला. त्याने हेडफोन लावून शेवट ऐकला. पुन्हा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकताना म्हणाला, "यात आमची आख्खी गल्ली आहे यार. तिकडे मला ऐकायला होईल."

मग राहिलं तसंच.

*

प्रकाशन बदलापूरच्या एका छोट्या हॉलमध्ये, रविवारी. पोस्टर मी केलं. साधं, ठसठशीत. वर मोठ्या अक्षरांत ‘शुक्रवार बंद’. खाली ‘येतो’. तारीख, वेळ आणि हॉल अगदी तळाला, बारीक. कलात्मक दृष्टीने जागा मोकळी सोडली होती.

पोस्टरं लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी अविनाशच्या दारात हवालदार.

"शुक्रवारचा बंद तुमचा का?"

"हो साहेब, आमचाच!" अविनाशला वाटलं, चाहता भेटला.

"कुठला पक्ष?"

"पक्ष नाही, तिघंच आहोत. तिसरा गुजरातला असतो."

"बाहेरून माणसं आणताय?" हवालदारांनी डायरी काढली. "आणि हे ‘येतो’ म्हणजे काय? धमकी?"

सचिन नेमका तिथेच बसला होता. तो मदतीला धावला. "नाय नाय साहेब, तसं काय नाय. शांततेत करणार आम्ही."

"मागणी काय तुमची?"

अविनाशला आता प्रकार कळला होता. पण प्रश्न असा समोर आल्यावर त्याच्याने राहवलं नाही. तो म्हणाला, "लोकांनी ऐकावं, एवढीच."

हवालदारांनी डायरी मिटली. "ती सगळ्यांचीच असते," ते म्हणाले आणि पाणी पिऊन गेले.

शुक्रवारी अर्ध्या बाजाराने शटर उघडलं नाही! मिलिंदला फोनवर सांगितलं तर तो खूश. "आपल्या नावाने बाजार बंद? अरे, जगात कुठल्या बँडला जमलंय!"

रविवारी मात्र सगळं उघडं होतं. हॉलसुद्धा.

*

प्रकाशनाला गर्दी झाली. सचिनने स्टेजवरून बघत नावं घेतली: हे काका, ही काकू, हे काकूचे भाऊ, हा भावाचा शेजारी, पण त्याची मुलगी आपल्यात दिली आहे. बाद, बाद, बाद. शेवटच्या रांगेत एक अनोळखी गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते. आमचं सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडे. कार्यक्रम संपल्यावर अविनाश धावत गेला.

"काका, कसं वाटलं?"

त्यांनी डोळे उघडले. "संपलं का? हॉलला कुलूप लावायचंय."

सीडी काढायच्या, हा माझाच आग्रह. अल्बम हातात धरता यायला हवा, या मताची मी आजही आहे. पण हातात धरल्यावर लोक विचारायचे, "लावायची कशात?" मग सचिन गाणी फोनवर पाठवून द्यायचा. उरलेला गठ्ठा सचिनच्या वडिलांनी चामटोलीला नेला. पुढच्या वेळी आम्ही गेलो तर शेतात दोऱ्यांना सगळे अल्बम टांगलेले, उन्हात चमचम करत! वडील समाधानाने म्हणाले, "लय भारी वस्तू केलीव पोरांनो. एक पाखरू येत नाय."

अविनाश बराच वेळ बांधावर उभा होता. वाऱ्यावर ‘येतो’, ‘येतो’ असं लिहिलेल्या चकत्या गरगरत होत्या.

परत येताना तो म्हणाला, "लंडन, ही गिटार माळ्यावर टाकतो मी. गुणगुणायचं राहू दे."

मी स्कॉटलंडमध्ये शिकलेलं काहीही त्या वेळी उपयोगाचं नव्हतं. 

*

मध्ये एकदाच आशा लागली होती. बदलापूरला वडापावच्या गाडीपाशी एक माणूस चक्क आमच्या दुसऱ्या गाण्याची ओळ गुणगुणत होता! अविनाशने माझा दंड इतक्या जोरात धरला की माझा वडा पडला. सचिन पुढे झाला, त्या माणसाशी दोन शब्द बोलला आणि मान खाली घालून परत आला.

"काय झालं?"

"माझ्या आईचा मावसभाऊ. आपल्या लग्नाकार्यात दिसत नाय, भांडण आहे. म्हणून ओळखला नाय."

"भांडण आहे म्हणजे बाद नाही!" मी म्हटलं.

"भांडण असलं तरी नातं हाये," सचिन म्हणाला. बाद.

*

आता शेवटचा.

लग्नाचे दिवस होते. मिलिंद सुट्टीवर आला होता आणि परत जाताना या खेपेला मावशीलाही घेऊन चालला होता. बदलापुरात तिच्या बहिणीचा निरोप घेऊन आम्ही दोन रिक्षांतून स्टेशनकडे निघालो, तर एका लग्नाच्या हॉलसमोर रस्ता बंद. नवरीची पाठवणी चालू. फुलं लावलेली गाडी, रडारड, आणि गाडीच्या पुढे बँड. खरा बँड! लाल कोट, सोनेरी झुपकेवाल्या टोप्या, ट्रम्पेट, ढोल, सगळं.

आमचा रिक्षावाला म्हणाला, "आता बसा निवांत."

ट्रम्पेटवाल्याने श्वास भरला आणि वाजवायला सुरुवात केली. पहिल्या दोन सुरांत मिलिंदची बोटं रिक्षाच्या दांडीवर थबकली. पुढच्या रिक्षातून अविनाश बाहेर पडला होता. अनवाणी, चप्पल आतच राहिली होती.

येतो, येतो, म्हणता म्हणता...

ढोलवाला सुसाट. नव्या मशीनच्या ठेक्यावर! वऱ्हाड नाचत होतं, नवरीचा बाप डोळे पुसत नाचत होता. ध्रुवपद आलं, ट्रम्पेट वर चढला, ‘ये’ला पोचला, आणि...

थांबला. ढोल थांबला. हात वर करून वऱ्हाड जागच्या जागी गोठलं. रस्त्यावर ठार शांतता. नवरीची गाडी तेवढी हळूच पुढे सरकली. आणि सगळे एका सुरात ओरडले:

"गेलीऽऽऽ!"

नवरी काचेआड रडता रडता खो खो हसत होती. आमच्या रिक्षातून सगळ्यात मोठा आवाज मावशीचा होता.

सचिन तोवर ट्रम्पेटवाल्यापाशी पोचलाही होता. "काका, गाव कुठलं?"

"परभणीकडचं."

"चामटोलीत कोण पाव्हणे?"

"हे चामटोली कुठं आलं?"

सचिनने आमच्याकडे वळून दोन्ही हात उंचावले. "बाद नाऽऽय!"

अविनाश पुढे गेला.  "काका, हे गाणं कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? पाठवणीचं आहे. पहिल्यापासून वाजतंय."

"मग असं मध्येच का तोडता? पुढे वाजवा ना. ‘येतो’मधला ‘तो’ राहिला."

ट्रम्पेटवाल्याने तोंडाजवळ नेलेला ट्रम्पेट खाली घेतला आणि अनवाणी उभ्या असलेल्या अविनाशला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"नवीन दिसताय दादा," तो म्हणाला. "इथं लाईट जाते."